रेवणप्पांचा उलटा हात

आमच्या शेजारचे रेवणप्पा हंजगे विजेला हात लावून व्होल्ट सांगायचे.

हसू नका. आधी मीही हसलो होतो. सोलापूरच्या बाळीवेशीत आम्ही नवीनच राहायला आलो होतो आणि पहिल्याच आठवड्यात आमचा रेडिओ घरघरायला लागला. त्या काळी रेडिओ ऐकायला सरकारी लायसन लागायचं, घरघर मात्र फुकट मिळायची. ती ऐकून शेजारून एक उंच गृहस्थ आले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. ना ओळख, ना पाळख. सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेले, जेवायचा पाट उचलून आणला, बोर्डाखाली ठेवला आणि त्यावर चढले. प्लगचं झाकण काढलं. डोळे मिटले. आणि उजव्या हाताच्या बोटांची मागची बाजू आतल्या उघड्या तारेला अलगद टेकवली!

माझी बायको किंचाळली. मी जवळचा खांब मिठी मारून धरला. खांब कशाला धरला, हे मला अजून कळलेलं नाही.

"दोनशे दोन," रेवणप्पा म्हणाले. "डीम हाय. ह्या टायमाला माग चालू असतात न्हवं सगळीकडं. साडेसातला बंद झाले की दोनशे तीस. फुल्ल! मग लावा की रेडिओ."

आणि पाट जागेवर ठेवून, चहा न घेता निघून गेले. साडेसातला आमचा रेडिओ असा खणखणीत गायला लागला की बायकोने त्याच पाटावर त्यांना दुसऱ्या दिवशी जेवायला बसवलं.

"पण उलटा हात का हो?" मी विचारलं.

"सुलटा लावला तर मूठ वळतीय मास्तर, अन् तार सुटत न्हाय. उलटा लावला की झटका बसून हात आपसूक मागं येतोय."

मी शाळेत मराठी शिकवतो. उलट्या हाताचा एकच उपयोग मला ठाऊक होता आणि त्यासाठी विद्यार्थ्याचा गाल लागतो. (वाचकांनी मात्र यातलं काहीही घरी करून बघू नये. मी पुढे एकदाच केलं. ते सांगणारच आहे.)

हा हात म्हणजे रेवणप्पांची पोटापाण्याची इस्टेट होती. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरींचा एक कारखाना होता, तिथे ते तपासनीस. मागावरून उतरलेली चादर पसरायची आणि तिच्यावरून हात फिरवायचा, की कुठे दोरा तुटलाय, कुठे गाठ राहिलीय, हे बोटांना कळायचं. डोळ्यांना दिसायच्या आधी कळायचं. सायकलवरून घरी आले की तोच हात ते गल्लीभर फिरवायचे. कुणाचा दिवा लुकलुकतोय, कुणाची इस्त्री तापत नाही, रेवणप्पा हजर. पाट, मिटलेले डोळे, उलटा हात, आकडा!

माणसंसुद्धा ते व्होल्टमध्येच मोजायचे. आमचे हेडमास्तर एकदा घरी येऊन गेले. रेवणप्पा म्हणाले, "एकशे दहा. जळतोय, पण उजेड पडत न्हाय." माझी बायको दोनशे तीस, फुल्ल. मी धीर करून विचारलं, "आणि मी?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाले, "मास्तर, तुमी बॅटरीवर चालता."

वर्षा-दोन वर्षांपासून त्यांना एक नवा नेम लागला होता. आकडा सांगायच्या आधी ते म्हणायचे, "दिवा लावा की." भर दुपारी, लख्ख उन्हातसुद्धा. लोक म्हणायचे, वय झालं, चाळिशी लागली. मीही तेच समजलो.

दुसरा नेम जुनाच होता. बाहेरच्या खोलीत स्टुलावर एक काळा लोखंडी टेबलफॅन होता. रेवणप्पा घरात असले की तो चालू. वारा लागल्याशिवाय त्यांना विचार सुचत नसे. आणि खुर्चीवरून उठले की तो बंद. रिकाम्या खुर्चीला वारा घालणं त्यांना मान्य नव्हतं. त्या पंख्याला दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही, असा त्यांच्या घरचा कायदा होता. ह्या दोन ओळी लक्षात ठेवा. सगळं रामायण ह्या पंख्यात आहे.

तर दिवाळी. रेवणप्पांची एकुलती एक मुलगी महानंदा, तिला सगळे नंदा म्हणत, विजापूरला दिलेली. तिचा पहिला दिवाळसण. पहाटे जावईबापू तेल लावून, उटणं फासून न्हाणीघरात गेले. आम्ही आमच्या अंगणात पणत्या लावत होतो. एवढ्यात शेजारून "अय्यय्यो!" अशी आरोळी आली आणि सुगंधी तेलाने चकाकणारे जावईबापू एका टॉवेलानिशी थेट आमच्या रांगोळीत येऊन उभे राहिले.

"नळाला करंट आहे!"

रेवणप्पा बाहेरच्या खोलीत पंख्यासमोर विचार करत बसले होते. उठले, पंखा बंद केला, शांतपणे न्हाणीत गेले. उलटा हात नळाला लावला.

"काय बी न्हाय. जावईबापू, थंडीनं शहारलात तुमी."

"मुंग्या आल्या हो खांद्यापर्यंत!"

"करंट खोटं बोलत न्हाय," रेवणप्पा म्हणाले. म्हणजे कोण बोलतं, ते त्यांनी जावयाचा मान राखून सांगितलं नाही.

खरं तर त्यांच्या बायकोलाही, नीलाक्कांनाही, तो नळ महिनाभर झटके देत होता. दूधवालीला एकदा बसला होता. भांडी घासणारीने तर काम सोडलं होतं. पण दर वेळी रेवणप्पा उठायचे, पंखा बंद करायचे, नळाला हात लावायचे आणि म्हणायचे, "काय बी न्हाय."

मग विजापूरहून नंदाच्या सासूबाईंचं पत्र आलं. नंदाला पाचवा लागला आहे, अभिनंदन. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आम्हालाही माहीत आहे. परंतु ज्या घरातला नळ जावयाला बाहेर पळवतो, त्या घरी आम्ही आमची सून पाठवणार नाही. सातवा महिना लागेल तेव्हा नळाचं काय झालं ते कळवावं, नाहीतर बाळंतपण इथेच होईल.

नीलाक्कांनी पत्र वाचून घेतलं आणि पदर डोळ्यांना लावला. त्यांनी बाळंतपणाला चार महिने असतानाच डिंक, खारीक आणून ठेवली होती. दुपट्यांसाठी जुन्या मऊ लुगड्यांचे तुकडे कापून ठेवले होते. म्हणाल्या, "एन्री, अहो, आता तरी एखादा वायरमन बोलवा की."

"वायरमन? माझ्या घरात?" रेवणप्पांनी उलटा हात छातीवर ठेवला. जणू पुजाऱ्याला कुणी भाड्याने पुजारी आणायला सांगितलं होतं. ते पंख्यासमोर बसले. अर्धा तास विचार केला. मग उठून माझ्याकडे आले. डोळे चमकत होते.

"मास्तर! मीटर घ्यायचा!"

"कसला?"

"मल्टिमीटर! दोन तारा असतात, तांबडी अन् काळी. लावल्या की सुई फिरती. व्होल्ट, अँपियर, सगळं दाखवतोय. नळावर लावायचा, सुई शून्यावर राहिली की तुमी पत्र लिवायचं विजापूरला. माझ्या हातावर इस्वास न्हाय ना लोकांचा? मग सुई दाखवीन! चला, तुमी इंग्लिश वाचा, मी करंट वाचतो."

आणि आमची मीटरयात्रा सुरू झाली. काय सांगू! शाळा सुटली की मी सायकल काढायचो, कारखाना सुटला की ते. मीटर कसा असावा, याचे त्यांचे नियम ठरलेले होते. सदऱ्याच्या खिशात मावला पाहिजे. काच नखाने वाजवली तर ठणठण वाजली पाहिजे. तारा हातभर लांब हव्यात. पुस्तक नसलं तरी चालेल, कारण पुस्तक वाचून मीटर घेणारा माणूस पत्रिका बघून कांदे घेतो. किंमत शंभराच्या आत. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे सुई. "सुई किती लांब जाती ते बघू नका मास्तर. तारा काढल्या की घरी परत येती का ते बघा. जी सुई शून्यावर परत येत न्हाय, तिचं काय खरं न्हाय."

पहिलं दुकान नवी पेठेतलं, मोठं. काचेच्या कपाटात एक काळाभोर मीटर, पाटाएवढा. किंमत ऐकून मी कपाटाला टेकलो. पण रेवणप्पा हरखले होते. बघायला काय जातंय? म्हणाले, "आधी परीक्षा. दिवा लावा की."

काउंटरवर लाकडी फळीला एक दिवा होता, तो दुकानदाराने लावला. मिणमिणता, लालसर. रेवणप्पांनी लाकडी स्टूल ओढलं, चढले, डोळे मिटले, उलटा हात प्लगमध्ये. दुकानातली गिऱ्हाइकं भिंतीला लागली.

"एकशे वीस!"

दुकानदाराने मीटर लावला. सुई दोनशे पंचवीसवर.

"मीटर खोटा हाय," रेवणप्पा म्हणाले.

"अहो काका, मुंबईहून पेटी फोडून काढलाय!"

"मुंबईत खोटं बोलत न्हाइत का? चला मास्तर."

दुसऱ्या दुकानात मीटर एकशे साठाला होता आणि बरोबर चालत होता, पण सुई शून्याच्या केसभर अलीकडेच थांबायची. रेवणप्पांनी ती चार वेळा फिरवून बघितली. "घरापर्यंत येती, उंबरा ओलांडत न्हाय," म्हणाले, आणि ठेवून दिला. तिसऱ्या ठिकाणी जुना मीटर स्वस्तात होता, पण काच ठणठण वाजली नाही, थपथप वाजली. तीन आठवडे गेले. नंदाला सहावा संपत आला.

नीलाक्का आमच्या बायकोपाशी बसून आम्हाला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "पोरीला नवरा बघितला अर्ध्या दिवसात. पोह्यांची बशी संपायच्या आत होकार. अन् ह्या डबीला तीन आठवडे! साकु! साकु झालं बाई!" साकु म्हणजे कानडीत पुरे. त्यांच्या घरात भांडण मराठीत सुरू व्हायचं आणि कानडीत संपायचं.

शेवटचं दुकान रेडिओ दुरुस्तीचं. एका जिन्याखाली, माणूस वाकून आत जाईल एवढं. मालक नरसय्या, घरी तेलुगू बोलणारा, आमच्याशी मराठी. त्याने टेबलावरच्या तारांच्या गुंत्यातून एक छोटा राखाडी मीटर काढला. पंचाऐंशी रुपये, वापरलेला, पण निरोगी. काच ठणठण. सुई गेली आणि पाखरासारखी घरी आली.

"ह्यात काय काय मोजतात?" रेवणप्पांनी विचारलं.

"व्होल्ट, अँपियर आणि ओहम," नरसय्या म्हणाला.

रेवणप्पा एकदम ताठ झाले आणि त्यांचं डोकं जिन्याच्या पायरीला आपटलं. त्यांना ते कळलंसुद्धा नाही. "काय? ओम?"

"ओहम."

"मास्तर, वाचा! वाचा की!"

मी चष्मा पुसला. "ओ, एच, एम, एस. ओहम्स."

"ओम्स! म्हंजे एक न्हाय! लई ओम!"

"तसं नाही हो रेवणप्पा, ते..." मी सुरुवात केली, आणि माझ्या लक्षात आलं की ते काय असतं हे मलाही माहीत नाही. नरसय्या हुशार. गिऱ्हाईक कुठे उभं आहे ते त्याने ओळखलं. त्याने तबकडीवरच्या खुणेवर बोट ठेवलं. घोड्याच्या नालासारखी खूण, खाली दोन पाय फुटलेली.

"हे बघा त्याचं चिन्ह."

"गाभाऱ्याची कमान!" रेवणप्पा पुटपुटले. त्यांचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला. "व्होल्ट सगळेच मोजतात मास्तर. जो ओम मोजतोय तो खोटं कसं बोलंल?"

त्यांनी परीक्षा घेतली नाही. हात लावला नाही, दिवा लावायला सांगितलं नाही. पंचाऐंशी रुपये ठेवले आणि मीटर सदऱ्याच्या खिशात घातला. बरोबर मावला.

घरी मीटरची पूजा झाली. पाटावर नवा टॉवेल, टॉवेलावर मीटर, मीटरला विभूतीचे तीन पट्टे. थोडी विभूती काचेवरही सांडली आणि त्या दिवशी सगळ्या गल्लीचे व्होल्ट धुक्यात दिसले. पण खरी धमाल पुढे आली. नरसय्याने जाता जाता सांगितलं होतं की दोन तारांची टोकं दोन हातांत धरली तर माणसाचाही ओहम दिसतो. एवढंच पुरे होतं! संध्याकाळी रेवणप्पांच्या ओट्यावर रांग लागली. प्रत्येकाने तांबडी आणि काळी तार चिमटीत धरायची, मी सुई बघायची, रेवणप्पांनी जाहीर करायचं.

भजी तळणाऱ्या काशिनाथने घामेजलेल्या हातांनी तारा धरल्या आणि सुई सूं करून निघाली. "लई ओम!" रेवणप्पा ओरडले. काशिनाथ रडायचाच बाकी राहिला, त्याने जन्मात जप केला नव्हता. मग गल्लीतले पूजापाठवाले एक वयोवृद्ध गृहस्थ आले. सगळे बाजूला झाले. त्यांनी कोरड्या, सुरकुतलेल्या बोटांनी तारा धरल्या. सुई जागची हलेना. घामाने सुई जास्त फिरते आणि कोरड्या हाताने फिरत नाही, हे आम्हाला कोण सांगणार? म्हाताऱ्याने आमच्याशी बोलणं टाकलं आणि काशिनाथची भजी महिनाभर दुप्पट खपली.

"तुमचा बघा की आता," मी म्हणालो. रेवणप्पांनी तारा धरल्या. सुई ढिम्म. लोक हसले. "माझा आत हाय, लई खोल," म्हणत तेही हसले आणि पटकन तारा खाली ठेवल्या.

मग आला नळाचा रविवार. नरसय्याच्या सांगण्यावरून अंगणातल्या बेलाच्या झाडाजवळ ओली माती करून त्यात लोखंडी पहार ठोकली. काळ्या तारेला लांब वायर जोडून ती पहारीला बांधली. तांबडी तार नळाला. मी न्हाणीघराच्या दारात मीटर धरून उभा. नीलाक्का मधल्या दारात. रेवणप्पा पंख्यासमोरून उठले, पंखा बंद केला, आले.

"काय म्हणतीय सुई?"

"शून्य!"

"बघा!" त्यांनी दोन्ही हात वर केले. "शून्य! मीटर बी माझ्याच बाजूनं हाय! लिवा मास्तर, पत्र लिवा विजापूरला!" आणि विजयी वीरासारखे जाऊन खुर्चीत बसले.

मी तारा सोडवायला वाकलो आणि बघतो तर सुई ऐंशीवर.

"रेवणप्पा! ऐंशी!"

ते धावत आले. सुई शून्यावर.

"मास्तर, चष्मा बदला."

परत जाऊन बसले. सुई ऐंशीवर. "ऐंशी!" धावत आले. शून्य. असं तीन वेळा झालं. त्यांना धाप लागली, मला घाम फुटला. नीलाक्का मधल्या दारातून इकडे बघत होत्या आणि तिकडे बघत होत्या.

"अय्यो शिवने!" त्या ओरडल्या. "तुमी बसला की चढतंय, तुमी उठला की उतरतंय! नळाला न्हाय करंट, तुमालाच हाय!"

रेवणप्पांनी स्वतःकडे बघितलं. मग खुर्चीकडे. मग हळूहळू त्यांची मान पंख्याकडे वळली.

सगळा उलगडा पाच मिनिटांत झाला. पंख्याच्या आतली वायर कुठेतरी खरवडून लोखंडाला टेकली होती. पंख्याच्या आर्थिंगची तार रेवणप्पांनीच पूर्वी न्हाणीच्या पाइपाला बांधलेली. तेव्हा तो पाइप जमिनीत उतरत होता, बिघाडाचा करंट जमिनीत निघून जायचा. पण नळाला एक दिवसाआड पाणी यायला लागलं तेव्हा त्यांनीच धाब्यावर टाकी बसवली, पाइप तिला जोडला आणि जमिनीतला तोडला. तार तशीच राहिली. आता पंख्यातला करंट मुकाट्याने नळात येऊन बसायचा. आणि तपासायला निघाले की काटकसरी रेवणप्पा पंखा बंद करायचे!

"रेवणप्पा," मी म्हणालो, "तुमच्या आर्थिंगला अर्थच उरला नव्हता!"

आम्ही तिघं असे हसलो की दूधवाली डोकावून गेली. नीलाक्का हसत, डोळे पुसत, ही बातमी माझ्या बायकोला सांगायला आमच्याकडे पळाल्या.

रेवणप्पा म्हणाले, "मास्तर, पंखा चालू करा की एकदा. बघू दे झटका कसा हाय."

मी बाहेर जाऊन बटण दाबलं आणि परत आलो. सुई ऐंशीवर स्थिर. रेवणप्पा अनवाणी, ओल्या फरशीवर उकिडवे बसले होते. डोळे मिटलेले. उलटा हात नळाला लावलेला.

हात मागे येत नव्हता.

"किती हाय?" त्यांनी विचारलं.

"ऐंशी."

मला खरं वाटेना. मी वाकून एक बोट नळाला लावलं आणि कोपरापर्यंत अशी सणक गेली की मी मागे दारावर आपटलो. रेवणप्पा तसेच बसले होते. दिवाळीच्या सकाळी जावयाला ज्याने रांगोळीत पळवलं, तो करंट त्यांच्या बोटांवर होता.

मी जाऊन पंखा बंद केला.

"दोन वर्सं झाली," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आधी बोटांची टोकं गेली, मग मागची बाजू. त्या पंख्याला रोज हात लावतो मी, कळलं न्हाय. चादरी डोळ्यांनी तपासतो आता, दुपटीनं वेळ लागतोय. अन् व्होल्ट दिव्याकडं बघून सांगतो. लाल दिसला की डीम, पांढरा दिसला की फुल्ल. डोळे मिटायच्या आधी बघून ठिवतो."

मला नवी पेठेतला तो मिणमिणता दिवा आठवला. दुकानदारांच्या तपासणीच्या फळीवरचा, ज्याला मुद्दाम कमी वीज देतात. एकशे वीस!

"डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"बोट बधिर झालं म्हटलं की लोक एकच रोग समजतात, मास्तर. ठावं हाय न्हवं तुमाला. तसलं काय निघालं, अन् विजापूरला कळलं तर? नंदाला पाठिवतील का? अन् पाठिवलं तरी बाळ माझ्या हातात दील का कोण?" ते नळाकडे बघत राहिले. "म्हणून मीटर घेतला. नळ दुरुस्त व्हावा, अन् हाताचं कुणाला कळू नये."

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बोटांना सुई टोचून बघितली, लघवी तपासली, बरेच प्रश्न विचारले. मग म्हणाले, "महारोग नाही. तुम्हाला साखर आहे, मधुमेह. त्याने बोटं बधिर होतात."

रेवणप्पांना असा आनंद झाला, असा आनंद झाला! डॉक्टरांना उठून त्यांनी मिठी मारली. येताना हलवायाकडे थांबून पावशेर पेढे घेतले. "गोड रोग हाय मास्तर! गोड!" असं म्हणत सगळ्या गल्लीत वाटले, आणि शेवटचा पेढा तोंडात टाकणार एवढ्यात मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो पेढा मला भरवला. गेलेली बोटं परत येतील का, असं मी डॉक्टरांना एकट्याला विचारलं होतं. भरवसा नाही, असं ते म्हणाले होते. रेवणप्पांना मी ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

पंखा नरसय्याकडे गेला. बेलाजवळ खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून नवं आर्थिंग झालं. मी विजापूरला पत्र लिहिलं: "आपल्या सुनेच्या माहेरच्या नळाचा दाब शून्य असून, तो ओम मोजणाऱ्या मीटरने तीनदा तपासला आहे." खाली मी सही केली, मराठीचा शिक्षक म्हणून. संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याची जत्रा भरली तेव्हा नंदा आली. सोबत तिच्या सासूबाई. त्यांनी आल्या आल्या न्हाणीघर विचारलं आणि नळाला हात लावून बघितला. उलटा! जावईबापूंनी घरी शिकवलं होतं.

चैत्रात नंदाला मुलगी झाली. गल्लीत जिलेबी वाटली. रेवणप्पा मात्र लांबूनच बघायचे. घ्या की हातात, असं कुणी म्हटलं की काहीतरी काम काढायचे, मीटर घेऊन कुणाच्या तरी घरी निघायचे. "सुटंल हातातनं," मला एकदा म्हणाले. "पकड किती हाय, कळत न्हाय मला."

बारशाच्या दुपारी बायका पुढच्या अंगणात जेवत होत्या. मी रेवणप्पांना बोलवायला आत गेलो. बाळंतिणीच्या खोलीत अंधार होता. ते पाळण्यापाशी उभे होते. मला बघितलं नाही. त्यांनी बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, डोळे मिटले आणि उजव्या हाताच्या बोटांची मागची बाजू बाळाच्या गालाला अलगद टेकवली. हात मागे आला नाही. बाळाने तोंड वळवलं आणि त्या बोटाला ओठ लावले.

"किती?" मी दारातून विचारलं.

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"दोनशे तीस," रेवणप्पा म्हणाले. "फुल्ल!"

गल्लीत सकाळपासून लाईट नव्हती.